पोपटाची उलटतपासणी

सदर : खेळता खेळता

कोर्टात पोपटाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्याचं कधी ऐकलंय का? साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पोपटाचा पिंजरा! समोर पांढऱ्या दाढीचे न्यायाधीश, एका बाजूला सरकारी वकील, दुसऱ्या बाजूला निळ्या सूटमधला, केसांचे काटे झालेला तरुण वकील. आणि तो वकील अगदी गंभीर चेहरा करून विचारतोय, ‘‘पोपटराव, तिजोरीचा नंबर काय?’’

हसू नका. या प्रश्नावर एका माणसाचं आयुष्य अवलंबून आहे!

ही गंमत आहे एका जपानी व्हिडिओ गेममधली. इंग्रजीत त्याचं नाव ‘फिनिक्स राइट : एस अटर्नी’. मूळ जपानी नाव ‘ग्याकुतेन साइबान’, म्हणजे ‘उलटलेला खटला’. कॅपकॉम या कंपनीने तो १२ ऑक्टोबर २००१ रोजी जपानमध्ये बाजारात आणला, गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी. इंग्रजीत तो २००५ साली आला.

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओ गेम म्हटला की धावायचं, उड्या मारायच्या, नाहीतर ढिशूम ढिशूम! इथे यातलं काही नाही. इथे खून आधीच झालेला असतो आणि पोलिसांनी भलत्याच माणसाला धरलेलं असतं. आपण त्या माणसाचे वकील. आपल्या हातात बंदूक नाही, तलवार नाही. असते ती फक्त पुराव्यांची यादी आणि एक आरोळी : ‘‘हरकत आहे!’’

या खेळाची जन्मकथाही मजेदार आहे. शू ताकुमी नावाचा एक तरुण कॅपकॉममध्ये काम करायचा. रहस्यकथांचं त्याला भारी वेड. एक मोठं काम हातावेगळं झाल्यावर त्याच्या वरिष्ठाने, शिंजी मिकामीने, त्याला सांगितलं, ‘सहा महिने देतो, तुला हवा तसा खेळ बनव.’ ताकुमीच्या मनात होता गुप्तहेराचा खेळ. पण काम करता करता त्याच्या लक्षात आलं, की आपल्या खेळातली खरी गंमत पाठलागात नाही, बोटांचे ठसे शोधण्यातही नाही. ती आहे समोरच्याच्या बोलण्यातली विसंगती पकडण्यात. आणि हे काम रोजच्या रोज कोण करतं? वकील! झालं, गुप्तहेर गेला आणि काळा कोट आला. (खेळात तो निळा आहे, ते सोडा.) सात जणांच्या चमूने सुमारे दहा महिन्यांत हा खेळ तयार केला. जपानी खेळातल्या नायकाची ती प्रसिद्ध आरोळीसुद्धा ताकुमीने स्वतःच्याच आवाजात ठोकून दिली!

नायकाचं जपानी नाव आहे नारुहोदो. जपानीत ‘नारुहोदो’ म्हणजे ‘अस्सं होय!’ कल्पना करा, आपल्याकडच्या एखाद्या वकिलाच्या दारावर पाटी आहे : ‘ॲड. अस्संहोय’! इंग्रजीत तो झाला फिनिक्स राइट. फिनिक्स हा गोष्टीतला पक्षी स्वतःच्याच राखेतून पुन्हा उठतो. आमचे वकीलसाहेबही कोर्टात दर दहा मिनिटांनी हरतात आणि परत उठतात.

आता खेळायचं कसं ते सांगतो. साक्षीदार येतो आणि आपली साक्ष सांगतो. समजा, पाच-सहा वाक्यं. मग सुरू होते उलटतपासणी. प्रत्येक वाक्यावर आपल्याला दोन गोष्टी करता येतात. एक, ‘थांबा!’ म्हणून त्याला आणखी खोदून विचारायचं. दुसरी, यादीतला एखादा पुरावा त्या वाक्यावर दाणकन आपटायचा : ‘तुम्ही हे म्हणता, पण हा कागद तर वेगळंच सांगतोय!’ मात्र वाटेल तो पुरावा आपटायचा नाही बरं का. आपल्या नावावर पाच उद्गारचिन्हं असतात. चुकीचा आरोप केला, की एक जातं. पाचही गेली, की खटला हरलो आणि निरपराध माणूस दोषी ठरला! म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही. आधी वाचायचं, मग विचार करायचा, आणि मगच ओरडायचं.

नुसतं सांगून गंमत कळायची नाही. चला, पहिलाच खटला सोडवून बघू. रहस्य फोडतोय म्हणून रागावू नका, कारण या खटल्यात खुनी कोण, हे खेळ स्वतःच पहिल्या मिनिटाला दाखवतो. प्रश्न ‘कोणी केलं?’ हा नाहीच. प्रश्न आहे, ‘सिद्ध कसं करणार?’

सिंडी स्टोन नावाच्या तरुणीचा तिच्या घरात खून झालाय. पोलिसांनी पकडलंय तिच्या मित्राला, लॅरीला. हा लॅरी आपल्या फिनिक्सचा शाळासोबती. महा गोंधळ्या! शाळेत काहीही बिघडलं, की सगळे म्हणायचे, ‘लॅरीच असणार!’ त्याचं जपानी नाव याहारी. त्याचा अर्थच मुळी ‘वाटलंच होतं मला’ असा. बिचाऱ्याच्या नावातच आरोप!

साक्षीदार आहे फ्रँक सॉविट. (हे आडनाव मोठ्याने म्हणून पाहा. इंग्रजीत ते ‘पाहिलं मी’ असं ऐकू येतं.) हे गृहस्थ दारोदार फिरून वर्तमानपत्राचे वर्गणीदार गोळा करतात. ते सांगतात, ‘‘लॅरीला मी त्या घरातून पळताना पाहिलं. आत डोकावलो, तर ती बाई मरून पडलेली. दुपारचा एक वाजला होता.’’

आता आपल्याकडचे कागद काढा. डॉक्टरांचा अहवाल सांगतो, की मृत्यू दुपारी चार ते पाचच्या दरम्यान झाला.

हरकत आहे! एक वाजता ती जिवंत होती, मग सॉविटला प्रेत दिसलं कुठून?

सॉविट घाम पुसतो. म्हणतो, ‘‘एक वाजल्याचं मी ऐकलं हो. टीव्हीवर वेळ सांगत होते.’’ आपण दुसरा कागद काढतो. त्या दिवशी दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत त्या इमारतीत वीजच नव्हती. मग टीव्ही चालला कशावर?

सॉविट पुन्हा रंग बदलतो. ‘‘हां हां, आठवलं! ऐकलं नाही, पाहिलं. टेबलावर घड्याळ होतं. त्याच घड्याळाने तर खुन्याने तिला मारलं!’’

आणि इथे तो पुरता फसतो. कारण ज्या वस्तूने खून झाला ती दिसते एका पुतळ्यासारखी. तिच्यावर काटे नाहीत, आकडे नाहीत. तिची मान हलवली, की ती वेळ बोलून दाखवते. म्हणजे ते घड्याळ आहे हे नुसतं बघून कुणालाच कळणार नाही. ज्याने ते हातात घेतलं, ज्याच्या हातात ते बोललं, त्यालाच ते ठाऊक असणार. सॉविटने वेळ ऐकलीच होती, पण टीव्हीवर नाही!

पण थांबा. आता न्यायाधीश दाढी कुरवाळत आपल्यालाच कोड्यात टाकतात. खून चारच्या पुढे झाला. घड्याळ म्हणालं ‘एक’. म्हणजे ते तीन तास मागे होतं? का बरं? हे सिद्ध झालं नाही, तर सगळंच मुसळ केरात.

इथे जरा वाचन थांबवा. घरात नकाशाची वही असेल तर काढा. तुम्हाला फक्त एक पुरावा देतो, सिंडीचा पासपोर्ट. ती आदल्याच दिवशी पॅरिसहून परतली होती. खेळाच्या इंग्रजी आवृत्तीत हे सगळं घडतं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर.

सुटलं का?

पॅरिसची वेळ तिथल्या वेळेच्या नऊ तास पुढे असते. सिंडीने घड्याळ सोबत नेलं होतं आणि परत आल्यावर ते लावायचं राहून गेलं होतं. दुपारच्या चारात नऊ मिळवा. किती? रात्रीचा एक! घड्याळ तीन तास मागे नव्हतंच, ते नऊ तास पुढे होतं. बोलताना ते ‘दुपारी’ की ‘रात्री’ हे थोडंच सांगतं! हे ऐकल्यावर सॉविटसाहेबांचा इतका संताप होतो, की ते डोक्यावरचा केसांचा टोप उपटून फिनिक्सच्या तोंडावर फेकतात.

पाहिलंत? भूगोलाच्या तासाला रेखांश आणि स्थानिक वेळ शिकताना ‘याचा उपयोग काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर! मूळ जपानी खेळात सिंडी पॅरिसहून नाही, न्यूयॉर्कहून परतते. कथा जपानमधून अमेरिकेत हलवली, तेव्हा भाषांतर करणाऱ्यांना शहरही बदलावं लागलं. भाषांतर म्हणजे नुसते शब्द फिरवणं नव्हे, कधी कधी गणितसुद्धा नव्याने जुळवावं लागतं.

असं फक्त खेळात घडतं असं समजू नका. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी वकिली करायचे, हे तुम्ही वाचलं असेल. १८५८ च्या मे महिन्यात इलिनॉय राज्यातल्या बियर्ड्सटाउन गावी त्यांनी एका जुन्या स्नेह्यांच्या मुलाचा खटला चालवला. आरोप खुनाचा. मुख्य साक्षीदार म्हणत होता, ‘रात्री अकराच्या सुमारास चंद्राच्या लख्ख प्रकाशात मी सगळं पाहिलं.’ लिंकननी त्याला ते पुन्हा पुन्हा सांगू दिलं. आणि मग शांतपणे त्या वर्षीचं पंचांग काढलं! त्यात दिसत होतं, की त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. लख्ख प्रकाश आला कुठून? मुलगा सुटला. लिंकननी त्याच्या आईकडून एक पैसाही घेतला नाही. ना आरडाओरडा, ना टेबल आपटणं. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, इतकंच.

बरं, तो पोपट राहिलाच की!

तो येतो चौथ्या खटल्यात. तळ्याकाठी होड्या भाड्याने देणारा एक म्हातारा असतो. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही म्हणे. त्याच्याकडे एक पोपटीण, पॉली. सरकारी वकील कुत्सितपणे म्हणतो, ‘‘आता काय या म्हाताऱ्याच्या पोपटाची उलटतपासणी घेणार?’’ फिनिक्सकडे दुसरा मार्गच उरलेला नसतो. तो म्हणतो, ‘‘घेतो!’’ आणि पॉली बोलते. ती तिजोरीचा नंबर सांगते, १२२८. म्हणजे बाराव्या महिन्याची अठ्ठावीस तारीख. त्या तारखेला पूर्वी काय घडलं होतं, ते मी सांगणार नाही. तुम्ही खेळाल तेव्हा कळेल.

पण त्या पोपटावर जरा विचार करू या. पोपट खोटं बोलतो का? नाही. मग तो खरं बोलतो का? तेही नाही! तो फक्त ऐकलेलं परत म्हणतो. म्हणून त्याच्या साक्षीतून एकच गोष्ट सिद्ध होते : त्याच्यासमोर कुणीतरी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. बस्स. त्यापलीकडे काही नाही.

आता आपल्या वर्गाकडे वळू. कुणाचं तरी कंपासमधलं पेन हरवतं. एक जण म्हणतो, ‘अमक्यानेच घेतलं असणार.’ मधल्या सुट्टीत दुसरा तेच म्हणतो. शाळा सुटेपर्यंत अख्खा वर्ग म्हणतो, ‘सगळ्यांनाच माहितीये, त्यानेच घेतलं!’ चाळीस मुलं एकच गोष्ट सांगतायत. किती साक्षीदार झाले? चाळीस? छे! एकही नाही. पाहिलेलं कुणीच नाही. ही चाळीस पोपटांची पोपटपंची! आणि ज्याच्याविषयी ती चालते, तो मुलगा मागच्या बाकावर एकटाच डबा खात असतो.

हे मी उगाच सांगत नाही. या खेळाच्या पोटात अगदी अशीच एक गोष्ट दडलेली आहे. फिनिक्स चौथीत असताना वर्गातल्या माइल्स एजवर्थ या मुलाचे जेवणाचे पैसे चोरीला जातात. पाकिटात ३८ डॉलर असतात. सगळी मुलं व्यायामाच्या तासाला गेलेली. सर्दी झाली म्हणून फिनिक्स तेवढा गेलेला नसतो. झालं! वर्गात खटला भरतो. सगळी मुलं म्हणतात, ‘हाच चोर.’ बाईसुद्धा सांगतात, ‘माफी माग.’ फिनिक्सने काहीच केलेलं नाही. पण सगळेच म्हणतायत म्हटल्यावर तो रडत रडत माफी मागायला निघतो.

तेवढ्यात एक मुलगा उठतो आणि म्हणतो, ‘हरकत आहे. याने घेतल्याचा पुरावा कुठाय?’

कोण असेल तो? ज्याचे पैसे गेले तोच, एजवर्थ! त्याचंच नुकसान झालेलं, राग सगळ्यांत जास्त त्यालाच यायला हवा. पण तो म्हणतो, पुरावा नसेल तर हा दोषी नाही. त्याच्या पाठोपाठ लॅरीही उभा राहतो. चाळीस जणांच्या ओरड्यापुढे दोन जण, आणि तरीही फिनिक्स सुटतो. पुढे तो वकील होतो, तो त्या दिवसामुळे. जिच्या बाजूने कुणीच नाही, अशा माणसाच्या बाजूने उभं राहायचं म्हणून. (पैसे खरंच कोणी घेतले होते? तेही खेळात कळतं. मी तोंड उघडणार नाही!)

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. खेळातलं कोर्ट खऱ्यापेक्षा पुष्कळ उलटं आहे. तिथे खटला तीन दिवसांत संपवावाच लागतो आणि आरोपीला सोडवायचं तर त्याच्या वकिलाने खरा गुन्हेगार शोधून द्यावा लागतो. जपानमध्ये खटला उभा राहिलेल्या शंभरातले नव्व्याण्णवाहून अधिक आरोपी दोषी ठरतात, त्या वस्तुस्थितीवर खेळाने मारलेला हा चिमटाच म्हणा. २००९ पासून तिथे गंभीर खटल्यांत सामान्य नागरिकही न्यायाधीशांबरोबर निकाल द्यायला बसतात. आपल्याकडे कायद्याचा नियम असा, की गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. आरोपीने खरा चोर शोधून द्यायचा नसतो. आणि पक्की खात्री पटत नसेल, तर संशयाचा फायदा आरोपीला. कोर्टातला हा नियम वर्गातही लावायला काय हरकत आहे? ‘तू घेतलं नाहीस तर कोणी घेतलं, ते सांग!’ असं कुणी म्हणालं, तर सरळ सांगा, ‘ते शोधणं माझं काम नाही. मी घेतल्याचं तू दाखव.’

आई-बाबांसाठी दोन शब्द. हा खेळ खुनाच्या खटल्यांचा आहे. चित्रं बहुतेक स्थिर आहेत, पण त्यांत प्रेतं आणि थोडं रक्त दिसतं. शिवाय एक मृत वकीलबाई बहिणीच्या अंगात येऊन सल्ला देते, तेव्हा भुताला भिणाऱ्यांनी जपून! साधारण बारा वर्षांपुढच्या मुलांना तो योग्य, त्याहून लहानांनी मोठ्यांना शेजारी बसवावं. बोटांचा वेग इथे लागत नाही. लागतं ते वाचन, आणि तेही इंग्रजी. शब्दकोश जवळ ठेवला तर शब्दही पुष्कळ कळतील. पहिले तिन्ही खेळ एकत्र २०१९ साली संगणकावर आणि घरच्या गेमच्या यंत्रांवर आले. आणखी एक सुचवतो. एकाने साक्ष मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी विसंगती शोधावी. अख्खं घर खेळू शकतं.

आता या आठवड्याचा खटला. यासाठी कुठलंही यंत्र नको.

गणेश चतुर्थीची रात्र. दुपारच्या नैवेद्यातले उरलेले अकरा मोदक डब्यात ठेवले होते. रात्री बाराच्या ठोक्याला डबा गायब! बंड्या छातीठोकपणे सांगतो, ‘‘मी गच्चीत होतो. वाडीतली वीज गेली होती, पण चांदणं असं लख्ख होतं! त्या चांदण्यात डबा घेऊन पळताना मी चिंगीला स्पष्ट पाहिलं.’’ सगळी वाडी म्हणतेय, ‘चिंगीच! तिला मोदक आवडतात हे सगळ्यांना माहितीये.’

तुम्ही चिंगीचे वकील. बंड्याच्या कोणत्या शब्दावर हरकत घ्याल? आणि कोणता पुरावा आपटाल?

‘चतुर्थीला चंद्र बघायचा नसतो’ हे उत्तर चालणार नाही, आधीच सांगून ठेवतो! पुरावा तुमच्या घरात भिंतीवरच टांगलेला आहे. एवढं आठवून बघा : संकष्टीला आजी जेवायची थांबते ती चंद्र उगवायची वाट बघत. गणपती बसतात ती चतुर्थी मात्र दुसऱ्या पंधरवड्यातली. त्या रात्री चंद्र कुठे असतो, किती वाजेपर्यंत असतो?

उत्तर पोस्टकार्डावर धाडा, कारणासकट. नुसतं ‘बंड्या खोटारडा’ असं लिहिलंत, तर तुमचं एक उद्गारचिन्ह कापलं जाईल. आणि हो, बंड्या खोटं बोलला म्हणजे मोदक बंड्यानेच खाल्ले, असं म्हणायची घाई करू नका. त्यालाही वकील मिळायला हवा!